तोंडातल्या टाचण्या

टाचणीबाईंचं गल्लीत कुणाशी कधी भांडण झालं नाही. स्वभाव फार गोड होता अशातला भाग नव्हता. भांडायला तोंड मोकळं लागतं, आणि बाईंच्या तोंडात सदोदित टाचण्या.

चार पायऱ्या उतरून त्यांच्या खोलीत जावं लागे. पुढच्या भागात मशीन, कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि आरशासमोर लाकडाचा बुटका ठोकळा. पडद्यामागे संसार. खिडकी रस्त्याच्या पातळीला असल्यामुळे मशीनवर बसलं की येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. बाई अख्खी गल्ली पायांवरून ओळखायच्या. कुणाच्या पँटचा काठ उसवलाय, कुणी तो पिनेवर धकवून नेतंय, कुणाच्या परकराला कुणाची जुनी किनार जोडलीय, सगळं त्यांना ठाऊक.

त्यांची कामाची एक रीत होती. कपडा माणसाच्या अंगावर चढवायचा, माणसाला ठोकळ्यावर उभं करायचं, ओठांत ओळीनं टाचण्या धरायच्या आणि एकेक काढत कापड दुमडत जायचं. समोरच्यानं हलायचं नाही. हलला, की बाई तळहात वर करायच्या. बोलणं नाहीच, फार तर एखादं "उं." माणसाला हलायची बंदी झाली की तो बोलायला लागतो, त्यामुळे त्या ठोकळ्यावर लोकांनी काय काय ओतलं असेल त्याला गणती नाही. सुनांची गाऱ्हाणी, साहेबाचा जाच, न जमलेली लग्नं. बाईंकडून शब्द बाहेर जाणार नाही याची खात्री होती.

आणि त्या "उं"चा अर्थ लावायला घरात एक दुभाषी होती. त्यांची मुलगी. सारखी गरगर फिरणारी, म्हणून सगळे तिला बॉबिन म्हणत. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून ती काजं करायची आणि गिऱ्हाईक सांभाळायची.

"आई म्हणतेय, पोट आत ओढून उभे राहू नका काका," ती कारखान्याच्या वॉचमनकाकांना सांगायची. "घरी गेल्यावर सोडणारच आहात. मग पँट उसवली की आमच्या नावानं बोंब."

"तुझी आई एवढं सगळं एका 'उं'मध्ये म्हणाली?"

"उं!" बाई डोळे वटारायच्या.

"आता म्हणतेय, मी असलं काही म्हणाले नाही. पण काका, मनात तेच होतं हं."

काका हसायचे, पोट सुटायचं, आणि बाईंना माप बरोबर मिळायचं. कितीही रागे भरल्या तरी त्यांना माहीत होतं, की अर्धा धंदा आपल्या हातावर चालतो आणि अर्धा हिच्या जिभेवर.

पोरीचं एकच चुकायचं. टाचणी शिवणीला आडवी घालावी, म्हणजे मशीनची सुई तिच्यावरून जाते. बॉबिन घालायची शिवणीच्या रेषेत, उभी. सुई बरोबर तिच्यावर बसायची आणि कट्कन मोडायची. "गाढव," बाई म्हणायच्या. टाचण्या तोंडात असूनही एवढा एक शब्द त्यांना स्वच्छ म्हणता यायचा.

गल्लीच्या टोकाला मोज्यांचा कारखाना होता. तिथल्या लोकांचे ॲप्रन बाईच शिवत. त्या दिवशी नव्या ॲप्रनचं गाठोडं घेऊन बॉबिन निघाली. "जाते गं!" म्हणाली. बाईंनी मान वर करेपर्यंत ती पायऱ्या चढून गेलीही होती. खिडकीतून तिचे पाय तेवढे दिसले. डाव्या चपलेचा पट्टा लोंबत होता. आली की पट्टा शिवून टाकू, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या पुढची शिवण मारायला लागल्या.

कारखान्याच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना होता. गंजला की त्याला रंग देत, पुन्हा गंजला की पुन्हा रंग. जेवणाच्या सुट्टीत माणसं त्यावरून उतरत असताना त्याचा मधला टप्पा, वळणावरची उभं राहायची जागा, भिंतीतून सुटला आणि जिना खाली आला. सहा माणसं गेली. पाच कारखान्यातली, सहावी बॉबिन.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बाईंची नणंद त्यांच्या जवळ राहायला आली. तिनं चूल सांभाळली, दार सांभाळलं. येणाऱ्यांना दारातूनच सांगायची, "फार बोलू नका. तिनं अजून डोळ्यांतून टिपूस काढलेलं नाही." ते खरं होतं. बाई मशीनवर बसून होत्या. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. त्या वेळी पोर जिना चढत होती, की उतरत होती?

वरवर पाहता यात काय मोठंसं आहे? गेलेलं माणूस गेलं. पण बाईंना त्याच्यापुढे जाताच येईना. चढत असेल, तर गाठोडं हातात, दम लागलेला, एकटी. उतरत असेल, तर काम झालेलं, हात मोकळे, कुणाशी तरी बडबडत. एवढ्या फरकावर त्यांचा जीव अडकला होता. खिडकीतून दिसलेल्या त्या पायांना पुढे कुठे न्यावं तेच त्यांना कळत नव्हतं. रोज त्या पायांबरोबर कारखान्यापर्यंत जायच्या आणि फाटकापाशी थांबायच्या.

पुन्हा काम घेतलं तेव्हा पहिली आली बॉयलरवाल्याची बायको. तिचा नवरा त्या पाचांतला. त्याचा जाड कोट तिनं आणला होता.

"दिरासाठी लहान करायचाय?" नणंदेनं विचारलं.

"नाही. मलाच घालायचाय."

ती ठोकळ्यावर उभी राहिली. कोटाचे खांदे तिच्या कोपरांपर्यंत उतरले होते. बाईंनी ओठांत टाचण्या धरल्या आणि खांदा उचलून दुमडायला घेतला. आरशात बघत ती आपोआप बोलायला लागली, जशी सगळीच बोलत.

"मी डबा घेऊन खाली अंगणात उभी होते. हे वरून येत होते. मला बघून हात केला. तुमची बॉबिन तेव्हा..."

बाईंनी चटकन तळहात वर केला.

ती थांबली. आरशातला तिचा चेहरा पार उतरला. "चुकलं माझं," ती पुटपुटली आणि नंतर चकार शब्द न काढता पुतळ्यासारखी उभी राहिली. बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढेपर्यंत ती कोट उतरवून पायऱ्या चढत होती. तिचे पाय खिडकीतून गेले, भराभर.

त्या दिवसापासून गल्लीत बॉबिन हा शब्द बंद झाला.

लोक येत, ठोकळ्यावर उभे राहत. बोलतही, कारण त्या जिन्याखेरीज कुणाकडे दुसरं काही बोलायला उरलंच नव्हतं. पण बाईंच्या लक्षात यायला लागलं, की प्रत्येकाच्या हकिगतीत एका ठिकाणी काहीतरी आत दुमडलेलं आहे. कपडा कितीही सफाईनं आत घेतला, तरी जुन्या शिवणीची भोकं राहतात. उजेडात धरला की दिसतात.

वॉचमनकाका पँट घेऊन आले. पोट आत ओढायची गरजच राहिली नव्हती. बाईंनी कंबर धरली तर मूठभर कापड हातात आलं.

"मी फाटकावर होतो. फाटक उघडलं मी त्या वेळी," काका म्हणाले.

"उं?"

कुणासाठी उघडलं? जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या माणसाखेरीज फाटक उघडत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. काकांनी आरशात त्यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"असंच उघडलं. हवेला." आणि मग घाईघाईनं, "कंबर जरा जास्तच घ्या. आणखी उतरेन असं दिसतंय."

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या, उशीत खोचल्या, शब्द जुळवले. "काका, ती..."

"फार उत्तम झाली पँट," अजून टाचलेलीच पँट अंगावर असताना काका म्हणाले, आणि पडद्याआड बदलून, डोळे पुसत, वर निघून गेले.

आयुष्यभर दुसऱ्याला विचारायचं काम पोरीनं केलं होतं. बाईंना ते येतच नव्हतं. बोलायला सुरुवात केली की समोरचं माणूस घाबरून दुसरंच काही बोलायला लागे. सगळे इतक्या मायेनं वागत होते, की रागवायचीही सोय नव्हती. कुणी भाजी निवडून आणून देत होतं, कुणी दारातली पायरी झाडून जात होतं. आणि प्रत्येक जण आपल्या गोष्टीतून त्यांची पोर उचलून बाजूला ठेवत होता. नणंदेनं तर एके दिवशी स्टूलच पडद्यामागे नेऊन ठेवलं.

"ते कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

"अगं, येता-जाता पायात येत होतं, वहिनी."

"येऊ दे पायात."

बाईंनी स्वतः जाऊन ते परत आणलं. नणंद त्या दिवशी चहात साखर घालायची विसरली आणि दोघींनी तो तसाच प्याला.

मग एका दुपारी पॅकिंगवाली आली. जिन्यावरून वाचलेल्यांपैकी ही एक. उजवा हात कोपरातून वाकत नव्हता, म्हणून कोणताच ब्लाउज चढत नव्हता. बाही उसवून मोठी करायची होती. मोठी गप्पिष्ट बाई, पण आल्यापासून नजर वर करत नव्हती.

बाईंनी बाही उसवली. सुदैवानं शिवणीच्या आत जादा कापडाची माया भरपूर सोडलेली होती. तो आखडलेला हात अलगद धरून त्यांनी बाही त्यावर चढवली आणि ओठांत टाचण्या धरल्या.

"दुखलं तर सांग गं हिला," नणंद पडद्याआडून म्हणाली.

"नाही दुखत. वाचले हेच खूप," पॅकिंगवाली म्हणाली. आणि मग आरसा होता, ठोकळा होता, हलायचं नव्हतं; ती बोलायला लागलीच. "माझ्या हातात खोक्यांची चळत होती. हनुवटीपर्यंत. समोरचं काही दिसत नव्हतं. मधल्या टप्प्यावर गर्दी होती. मी ओरडले, सरका हो, पडेन! तर कुणीतरी बाजूला सरकलं. कुणीतरी मला जागा दिली, म्हणून मी खाली आले. चार पायऱ्या उरल्या होत्या, तेव्हा..."

बाईंचे हात थांबले.

एक एक करून त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि उशीत खोचल्या. शेवटची खोचताना बोटाला टोचली तरी त्यांना कळलं नाही. मग त्या उभ्या राहिल्या. पॅकिंगवाली ठोकळ्यावर, त्यामुळे बाईंना मान वर करून बघावं लागलं.

"त्या कुणीतरीचं नाव घे," त्या म्हणाल्या.

"बाई, नको ना."

"घे."

"तुम्हालाच नको होतं ना पण!" पॅकिंगवालीला रडू फुटलं. "बॉयलरवाल्याची बायको सांगत होती, तिनं नाव काढल्याबरोबर तुम्ही हात वर केलात. गप्प बस म्हणून. तेव्हाच सगळ्यांनी ठरवलं, बाईंसमोर पोरीचा विषय नाही. मुकादमांनी तर कारखान्यातसुद्धा सांगून ठेवलंय."

बाईंनी आपलाच तळहात डोळ्यांसमोर धरला.

"अगं, तिच्या खांद्यावरचं कापड सुटत होतं," त्या म्हणाल्या. "हलू नको म्हणून केला हात. थांब, टाचण्या काढते आणि ऐकते, म्हणून केला. तोंडात टाचण्या होत्या गं माझ्या!"

पडद्यामागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. नणंद बाहेर येऊन उभी राहिली. तो हात काय म्हणतोय हे सांगणारं एकच माणूस होतं, आणि ते नव्हतं म्हणूनच तर हे सगळं झालं होतं.

"आता सांग," बाई म्हणाल्या. "चढत होती, की उतरत होती?"

"उतरत होती, बाई. ॲप्रन देऊन झाले होते. वर मुकादमांची नक्कलही करून झाली होती, आम्ही हसून हसून बेजार. माझ्याआधी निघाली. मधल्या टप्प्यावर बॉयलरवाल्याबरोबर थांबली होती. काय करत होती ते मला दिसलं नाही, खोकी होती ना तोंडासमोर. मी सरका म्हटलं, तर तिनं त्याला दंडाला धरून भिंतीकडे ओढलं, तेवढं कडेनं दिसलं, आणि मला वाट दिली. मी म्हटलं, काय गं बॉबिन, अजून इथेच? तर नुसतं 'उं' म्हणाली."

"काय म्हणाली?"

"'उं.' मला नवलच वाटलं. एवढी टकळी, आणि आज नुसतं 'उं'? बाई, ती सरकली नसती तर मी तिच्या जागी... हे मला तुम्हाला सांगायचंच नव्हतं. विषय बंद झाला तेव्हा खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं."

बाईंनी तो आखडलेला हात पुन्हा हातात घेतला. बाहीची कड उगाच सारखी केली.

"कुणी जागा दिली तर पुढे जायचं असतं," त्या म्हणाल्या. "तू गेलीस. त्यात काय?" आणि मग, जणू स्वतःशीच, "टाचण्या होत्या तिच्या तोंडात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुकान बंद ठेवलं आणि कोट हातावर टाकून त्या स्वतः बॉयलरवाल्याच्या घरी गेल्या. बाईंना रस्त्यावर पाहायची लोकांना सवय नव्हती. त्या चालल्या तशी दारादारांतून माणसं गप्प होत गेली. फाटकाशी वॉचमनकाका उठून उभे राहिले.

"काका," बाई थांबल्या. "फाटक कुणासाठी उघडलंत?"

काकांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. कुणी सोडवायला येईना. मग त्यांचा धीर सुटला. "तिच्यासाठी हो. आणखी कुणासाठी? गाठोडं डोक्यावर, आणि मला म्हणते, काका, पोट आत घ्या, मला जायला जागा नाही."

बाईंच्या तोंडून हसू निसटलं. इतक्या दिवसांनी आलेला तो आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

बॉयलरवाल्याच्या बायकोनं दार उघडलं आणि त्यांना बघून ती दारातच रडायला लागली. "तुम्ही आलात! मी येणार होते कोट न्यायला. पण हिंमत होईना. मी त्या दिवशी नको ते बोलले."

"काही नको ते बोलली नाहीस. अर्धं बोललीस. आता पुरतं बोल."

दोघी खोलीत बसल्या. एकीच्या मांडीवर कोट, दुसरीचे हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं ते बाईंना समजत नव्हतं, म्हणून त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं.

"मी खाली होते," ती सांगायला लागली. "हे नवा ॲप्रन अंगावर घालूनच उतरत होते. त्याचा खांद्याचा पट्टा सैल होता, सारखा घसरत होता. तुमच्या पोरीनं ते पाहिलं. मधल्या टप्प्यावर ह्यांना उभं केलं, आपण एक पायरी वर चढली आणि लागली टाचायला. हे दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखे उभे. मी खालून ओरडले, अहो, डबा गार होतोय! हे हलले. तर तिनं कसं केलं माहीत आहे?"

तिनं तळहात वर केला. अगदी तस्साच.

"वरचे सगळे हसले. हे हसले. मीही हसले. म्हटलं, हुबेहूब आई! तीच खूण तुम्ही केलीत त्या दिवशी, आणि मला मेलीला कळली नाही. मला वाटलं, गप्प बस म्हणताय."

"पुढे?"

"पुढे काही नाही, बाई. ती पॅकिंगवाली खाली आली, आणि मग आवाज झाला."

"घाबरली होती का?"

"घाबरायला वेळ कुठे होता? ती कामात होती. मान तिरकी करून पट्टा सरळ झालाय का ते बघत होती."

बाईंनी मान हलवली. मान तिरकी. डावीकडे. पोर लहान असल्यापासून तशीच बघायची.

बॉयलरवाल्याची बायको उठली आणि कपाटातून घडी केलेला ॲप्रन घेऊन आली. "ह्यांच्या कपड्यांबरोबर हा परत दिला मला. धुतला मी. पण खांदा हातानं वर धरून धुतला, टाचण्या काढल्या नाहीत. काढाव्याशा वाटेनात. तुमच्याकडे आणायचा म्हणून कितीदा घेतला आणि ठेवला."

बाईंनी तो मांडीवर पसरला. शिवण त्यांचीच होती, चार लोकांत उठून दिसणारी, सरळ. खांद्यावर पट्टा नीट दुमडलेला होता, माप अचूक घेतलेलं. त्यात तीन टाचण्या. पाण्यानं थोड्या तांबूस झालेल्या.

तिन्ही उभ्या. शिवणीच्या रेषेत.

"गाढव," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांच्या तोंडून जे काही बाहेर पडलं ते शब्द नव्हते. ॲप्रनमध्ये तोंड खुपसून त्या रडल्या, हमसून हमसून, टाचण्या गालाला लागत होत्या तरी. बॉयलरवाल्याच्या बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ती त्यांच्याबरोबर रडली. तिचं माणूस आणि हिची पोर एकाच पट्ट्याच्या दोन बाजूंना होती.

बऱ्याच वेळानं बाईंनी चेहरा पुसला. ॲप्रनची घडी केली, खांदा वर येईल अशी, आणि तो परत तिच्या हातात दिला.

"शिवून देता?" तिनं विचारलं.

"नको. राहू दे असंच. यावर सुई मोडेल माझी."

तिनं ॲप्रन छातीशी धरला. बाहेर, उघड्या दाराशी, गल्लीतली दोनचार माणसं घुटमळत होती. आत यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. वॉचमनकाका सगळ्यांत मागे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात केला. लोक जागच्या जागी थबकले. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की आता आपलं आपल्यालाच सांगायला हवं.

"या म्हणतेय," त्या म्हणाल्या. "आत या. आणि जिनं जे पाहिलं, ज्यानं जे पाहिलं, ते सगळं सांगा. पोरीला वगळू नका."